डब्याचे रोजचे मेसेज: नाव हाताने, आकडा हाताने, मधलं साठवलेलं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, साठेक गिऱ्हाइकं, अँड्रॉइड फोन आणि मराठी कीबोर्ड. डब्यात काय असतं, दर काय, पैसे कुठे पाठवायचे, मिळाले का, सुट्टी कधी, हीच वाक्यं दिवसभर टाइप करता. बोटं दुखतात आणि घाईत चुका होतात. शॉर्टकट करावेत (म्हणजे दोन अक्षरं लिहिली की साठवलेलं पूर्ण वाक्य यावं) की वेगळं ॲप घ्यावं, मराठीत ते नीट चालतात का, आणि शनिवार-रविवारी मुलगी तिच्या आयफोनवरून गिऱ्हाइकांना उत्तरं देते, तिचं काय, हे तुम्ही विचारलंय.

मी अकरा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आहे. उपाशीपोटी यायचं का, रिपोर्ट कधी मिळेल, घरी येऊन रक्त नेता का, हे प्रश्न मला रोज येतात आणि उत्तरंही तीच असतात. माझ्या जावेचा डब्यांचाच व्यवसाय आहे, तिच्या फोनवर हे सगळं मीच बसवून दिलं. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

वेगळं ॲप घेऊ नका. कीबोर्डचं ॲप म्हणजे तुम्ही फोनवर जे जे टाइप करता ते ज्याच्या हातातून जातं ते. अनोळखी कंपनीचा कीबोर्ड केवळ शॉर्टकटसाठी बसवण्याची काहीच गरज नाही. फोनमध्ये आहे त्यातच काम होतं.

बहुतेक अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड असतो. कीबोर्ड उघडून त्याच्या वरच्या पट्टीतल्या चाकाच्या चिन्हावर जा, डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, मग भाषा निवडा आणि अधिकचं चिन्ह दाबा. दोन रकाने येतात. एकात पूर्ण मजकूर, दुसऱ्यात शॉर्टकट. पुढे मेसेज लिहिताना शॉर्टकटची अक्षरं टाइप केली की पूर्ण मजकूर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दिसतो, त्यावर बोट लावलं की तो उतरतो. आपोआप उतरत नाही, बोट लावावंच लागतं. सेटिंगमध्ये सुचवणाऱ्या शब्दांची ती पट्टी कोणी बंद केली असेल तर काहीच दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल शॉर्टकट बिघडला. सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट शॉर्टकट्स नावाने हीच सोय आहे.

मराठीत पहिली ठेच लागते ती भाषेची. वर भाषा निवडायला सांगितलं ना, तिथे मराठी निवडून मराठी अक्षरांतच शॉर्टकट करा. इंग्रजी अक्षरांत केलात तर मराठी लिहिताना प्रत्येक वेळी कीबोर्ड बदलावा लागेल, आणि जे वाचवायला निघालो तेच खर्च होईल. इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड असतो, त्यावर शॉर्टकटचा मला भरवसा वाटत नाही, कारण तो तुमची अक्षरं आधी मराठीत वळवायला बघतो. सरळ देवनागरीचा कीबोर्ड घ्या, आठवडाभरात बोट बसतं.

दुसरी ठेच शॉर्टकटच्या नावाची. जावेने हौसेने 'दर', 'सण', 'घर' अशी नावं दिली होती. मग कुणाला साधं 'दर शनिवारी' लिहायला गेली की वर सगळं दरपत्रक उगवायचं, आणि घाईत बोट तिथेच पडायचं. नाव असं हवं की ते चुकूनही कुठल्या शब्दात येणार नाही. आपल्या मराठीत त्यासाठी एक अक्षर जणू राखूनच ठेवलंय. 'ळ' ने कुठलाही मराठी शब्द सुरू होत नाही. बाळ, पोळी, नारळ, सगळीकडे ळ मधे किंवा शेवटी. म्हणून माझे सगळे शॉर्टकट ळ ने सुरू होतात. तुमच्यासाठी 'ळड' म्हणजे डब्याची माहिती, 'ळप' म्हणजे पैसे मिळाले, 'ळस' म्हणजे सुट्टी, 'ळख' म्हणजे खात्याचा तपशील. लक्षात ठेवायला सोपं आणि गोंधळ शून्य. हे जमल्यापासून माझा चुकीचा मजकूर एकदाही गेलेला नाही.

ही डिक्शनरी एक-दोन ओळींच्या मजकुरासाठी चांगली. डब्याचं पूर्ण दरपत्रक, ओळी पाडून लिहिलेलं, तिच्यात कोंबू नका. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. हे ॲप फुकट आहे, जानेवारी २०१८ मध्ये आलं, आणि छोट्या धंद्यासाठीच केलेलं आहे. एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर किंवा बिझनेसवर, दोन्हीकडे नाही, म्हणून बदलण्याआधी चॅटचा बॅकअप घ्या. त्यात क्विक रिप्लाय म्हणून भाग आहे. मेसेजच्या जागी तिरकी रेघ / टाइप केली की साठवलेली सगळी उत्तरं यादीसारखी वर येतात, हवं ते निवडायचं. अशी ५० उत्तरं ठेवता येतात. तुम्हाला १० पुरतील. उत्तरात ओळी पाडता येतात, फोटोही जोडता येतो, आणि संगणकावर व्हॉट्सॲप उघडलंत तरी तिरक्या रेघेने मजकुराची तीच उत्तरं मिळतात.

त्यातच ग्रीटिंग मेसेज आहे. नवीन माणसाने पहिल्यांदा मेसेज केला, किंवा १४ दिवस काहीच बोलणं नसेल आणि मग त्याचा मेसेज आला, की तो आपोआप जातो. तुम्ही पोळ्या लाटत असताना कुणी 'डबा मिळेल का' विचारलं तर निदान 'दुपारी २ नंतर उत्तर देते' एवढं त्याला कळतं. हे जरूर लावा.

क्लिपबोर्डबद्दल लोक फार फसतात. जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये कॉपी केलेला मजकूर एक तासाने जातो. तो टिकवायचा असेल तर त्यावर बोट दाबून धरून पिन करावा लागतो. आज पुरतं काही असेल, म्हणजे 'आज रस्ता बंद आहे, डबा अर्धा तास उशिरा', तर तेवढ्यासाठी क्लिपबोर्ड छान. कायमच्या मजकुराचं घर ते नव्हे. मी फोन बदलला तेव्हा पिन केलेलं एकही वाक्य नव्या फोनवर आलं नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते लोक इथेच कमी विचार करतात. मजकूर कुठे साठवायचा यापेक्षा तो कसा लिहायचा यावर शॉर्टकटचा सगळा फायदा ठरतो. मी पहिल्या वर्षी असे लिहिले होते: 'नमस्कार ____, तुमचा रिपोर्ट ____ वाजता तयार होईल, ____ रुपये बाकी आहेत.' आणि दर चार मेसेजांत एकाची एखादी जागा रिकामीच जायची. फोनवर मेसेज लिहायची पेटी छोटी, मधल्या ओळी वर सरकतात, दिसत नाहीत. त्यात दोन बाजूंना अशी रेघ मारली की व्हॉट्सॲप मधली अक्षरं तिरकी करतं, ते वेगळंच.

नंतर ध्यानात आलं की मजकूर उतरला की कर्सर शेवटी उभा राहतो. मग बदलणारी गोष्ट शेवटीच का ठेवू नये? तेव्हापासून माझा नियम एकच. नाव आधी हाताने टाइप करायचं, मधला न बदलणारा मजकूर शॉर्टकटने, आणि आकडा शेवटी हाताने. मधे गाळलेली जागा ठेवायचीच नाही. पैसे मिळाल्याचा तुमचा मेसेज असा होईल ([ळप] च्या जागी त्याच्या पुढचा मजकूर उतरतो):

सुनंदाताई, [ळप] पैसे मिळाले, धन्यवाद. नोंद केली आहे. रक्कम : ₹

आणि मग रक्कम तुम्ही टाइप कराल. ती राहिली तर मेसेज इतका अर्धवट दिसतो की पाठवायला बोटच उठत नाही. नाव दरवेळी हाताने लिहा असं मी मुद्दाम सांगते. तीन सेकंद लागतात, पण समोरच्याला कळतं की आपल्याला ओळखून लिहिलंय. शिवाय नाव लिहिताना तुमचंही लक्ष जातं की आपण बरोबर चॅटमध्ये आहोत ना. साठ घरांत दोन सुनंदाताई असतातच.

मराठीत साचा लिहिणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे, कारण आपल्याकडे नावाला प्रत्यय लागला की नाव बदलतं, आणि क्रियापद बाई-पुरुष बघतं. 'विलासरावांचा', 'देशमुखांना', 'ताईंचा' हे एका साच्यात बसत नाही. लग्नपत्रिका आणि सरकारी पत्रं लिहिणाऱ्यांनी यावर फार आधी तोड काढलीय: 'विलास देशमुख यांचा', 'यांना', 'यांच्याकडे'. नाव जसंच्या तसं राहतं, प्रत्यय 'यां'ला लागतो. लॅबमध्ये रिपोर्टसोबत मी हेच वापरते. पण घरगुती डब्याला 'यांचा' फार कोरडं वाटेल. तुम्ही नावाने हाक मारा, स्वल्पविराम द्या आणि पुढे 'तुमचा', 'तुम्हाला' घ्या. 'काका, तुमचा डबा निघाला आहे.' कुणालाही चालतं.

तसंच 'तुम्ही' धरलंत की 'आलात का', 'पाठवलेत का', 'घेणार आहात का' हे बाई-पुरुष दोघांनाही बसतं. तुमच्या बाजूलाही बघा. 'मी पाठवते' असं साठवलंत आणि त्या दिवशी फोन तुमच्या मिस्टरांच्या हातात असेल तर विचित्र होतं. 'पाठवत आहोत' लिहा. संख्येचाही असाच घोळ: साच्यात 'डबे पाठवले' आहे आणि एकच डबा गेलाय. 'डबे : ' असं लिहून पुढे आकडा टाका, एक असो की पाच, खटकत नाही.

आणि साच्यात 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द कधीही घालू नका. हे मी फार मनापासून सांगते, कारण माझ्यामुळे एका वृद्ध माणसाला त्रास झालाय. माझा एक साचा होता: 'उद्या सकाळी ७ ते ९ मध्ये उपाशीपोटी या. रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास काही खाऊ नका, पाणी चालेल.' एका शुक्रवारी रात्री तो मी एका आजोबांना पाठवला. त्यांच्या गावात नेटवर्क नव्हतं. मेसेज पोचला शनिवारी संध्याकाळी. त्यांनी 'उद्या' वाचलं आणि रविवारी पहाटेच्या एसटीने, आदल्या संध्याकाळपासून उपाशी, आले. रविवारी आम्ही बंद असतो. मधुमेहाचा माणूस, शटरसमोर पायरीवर बसलेला. शेजारच्या मेडिकलवाल्याने मला फोन केला, त्याआधी त्याने त्यांना चहा-बिस्किट दिलं होतं म्हणून निभावलं. मी धावत गेले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा मी विसरलेले नाही. मजकुरातला एक शब्द, आणि तो मी स्वतः साठवलेला. आता साच्याच्या शेवटी 'वार व तारीख : ' असं आहे आणि ते हातानेच भरावं लागतं. तुमच्या 'ळस'मध्येही 'उद्या डबा बंद' असं नको. 'डबा बंद राहील. वार व तारीख : ' असं ठेवा. 'परवा' तर होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही, तो बोलण्यातच बरा.

दर एकाच साच्यात ठेवा. माहितीच्या उत्तरात, सणाच्या उत्तरात, नव्या गिऱ्हाइकाच्या उत्तरात तिन्हीकडे दर लिहिलात आणि गॅस महागला म्हणून वाढवलात, की एका ठिकाणी जुना दर राहतोच. मग गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवतं आणि त्याचं बरोबर असतं.

खात्याचा तपशील साठवताना आकडे इंग्रजी ठेवा, मराठी नकोत. ते सरळ कॉपी करून बँकेच्या ॲपमध्ये टाकता येतात. साठवल्यावर घरच्याच कुणाला तो मेसेज पाठवून, त्यावरूनच एक रुपया भरायला सांगा. खात्यात आला की मगच तो साचा वापरायला काढा. एक आकडा चुकला तर तुम्ही तीच चूक साठ घरांना पाठवणार असता.

मात्र आधार क्रमांक, एटीएमचा पिन, कुठलाही पासवर्ड शॉर्टकटमध्ये ठेवू नका. तो वरच्या पट्टीत कुणासमोरही उगवू शकतो, आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर यादीत उघडाच असतो.

काही गिऱ्हाइकांकडे साधा बटणांचा फोन असेल, त्यांना एसएमएस जातो. तिथे मराठीचं गणित वेगळं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'नमस्कार' सात, 'पोळ्या' सहा. ७० च्या पुढे गेलात की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात, पैसे तितक्या एसएमएसचे. इंग्रजी मेसेजात एक ₹ चिन्ह घातलं तरी मर्यादा ७० वर येते. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा छोटा साचा: 'तुमचा डबा पाठवला आहे.' एकवीस अक्षरं, काम झालं.

शॉर्टकट फक्त वाक्यांसाठी नसतो हेही बघा. जोडाक्षरांनी रोज अडवणारे शब्द त्यात टाका. 'पुऱ्या' लिहिताना र वर बोट दाबून धरून ऱ काढावा लागतो, घाईत 'पुर्या' होतं. डब्याच्या मेनूत ते दर रविवारी येणार. 'ळपु' म्हणजे 'पुऱ्या', 'ळॲ' नको, त्यापेक्षा 'ळअ' म्हणजे 'ॲडव्हान्स'. चार-पाच शब्दांनी लिखाण एकदम स्वच्छ दिसतं. स्वच्छ लिहिलेला मेनू वाचला की स्वयंपाकाबद्दलही विश्वास वाटतो, हे मी जावेच्या गिऱ्हाइकांकडून ऐकलंय.

काही गोष्टी मात्र मी साठवत नाही. डब्यात केस निघाला, भाजी आंबली, अशी तक्रार आली तर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हा तयार मजकूर पाठवू नका. फोन करा, नाही तर त्या दिवशीच्या भाजीचं नाव घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहा. थकलेल्या पैशांची पहिली आठवण साच्यातून चालेल, दुसरी नको. तेच वाक्य पुन्हा आलं की समोरच्याला ते यंत्राने पाठवल्यासारखं वाटतं, आणि खरंच अडचणीत असलेलं माणूस तर दुखावतं. कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' चा शॉर्टकट अजिबात करू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे रुग्ण जातात. मी त्यांच्या घरच्यांना दोन ओळी लिहिते, त्या प्रत्येक वेळी सुचायला वेळ लागतो, आणि तो लागू देते.

सणाला सगळ्यांना एकदम कळवायचं असेल तर व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून नवीन गिऱ्हाईक जोडताना 'हा नंबर सेव्ह करून ठेवा' हे माहितीच्या साच्यातच टाका. अनोळखी नंबरांना धडाधड एकच मजकूर पाठवत सुटलं तर खातं बंद होऊ शकतं, तो मार्ग नको.

मुलीच्या आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, मग टेक्स्ट रिप्लेसमेंट असं जायचं. तिथे 'फ्रेज' मध्ये मजकूर आणि 'शॉर्टकट' मध्ये ळ वाली नावं, तुमच्यासारखीच. फरक एवढा की आयफोनवर शॉर्टकट लिहून स्पेस दिली की मजकूर आपोआप बदलतो, विचारत नाही. म्हणजे तिच्याकडे नाव जपून देणं जास्त गरजेचं.

सुरुवात अशी करा. आज रात्री मागच्या आठ दिवसांचे पाठवलेले मेसेज वर सरकवत वाचा आणि तीनदा आलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवा. पाच-सहाच निघतील. त्यांचे साचे करा, बाकीचे गरज पडली की. ती वही टाकू नका. फोन पाण्यात पडला तर त्या वहीवरून नवा फोन अर्ध्या तासात तयार होतो, आणि मुलीला काय काय भरायचं हे विचारावं लागत नाही. जावेची वही पिठाच्या डब्यावर असते, पानांना हळदीचे डाग आहेत, पण तिच्या घरी येणारी मदतनीससुद्धा आता त्यात बघून मेसेज पाठवते.